मदत हवी आहे : कोकमातील गार्सिनॉल आणि आयसोगार्सिनॉल वेगळे कसे करावेत?

नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि आमसुले व आगळ (कोकमाचा खारवलेला रस) यांतील घटक एलसी-एमएसवर (मिश्रणातील घटक कॉलममधून वेगळे करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) मोजण्याचा प्रयत्न करीत आहे. गार्सिनॉल आणि आयसोगार्सिनॉल यांचे रेणुसूत्र एकच (सी३८एच५०ओ६) असल्यामुळे वस्तुमान कितीही अचूक मोजले तरी तेवढ्यावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आमच्या सी-१८ कॉलमवर (पाण्यात कमी विरघळणारे घटक धरून ठेवणाऱ्या नळीवर) त्यांची आलेखातील शिखरे एकमेकांत मिसळतात. आयन मोबिलिटी तंत्रात आयन त्यांच्या आकारानुसारही विभागले जातात. ते येथे पुरेसे ठरेल का, की आधी फिनाइल कॉलम (बेंझीनसारखी वलये असलेल्या भरणाचा) वापरून पाहावा?

दुसरी अडचण मला अधिक सतावते. कोकमातील हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल सी-१८वर जवळजवळ थांबतच नाही, आणि आयनीकरण होताना त्यातून पाण्याचा रेणू निघून गेला की २०७ऐवजी १८९ वस्तुमानाचा आयन दिसतो, जो त्याच्या लॅक्टोनचाही (पाणी निघून बनलेल्या वलयी रूपाचाही) असतो. शिवाय आगळातील मिठामुळे संकेत दबतो. हिलिक कॉलम (पाण्यात सहज विरघळणारे घटक धरून ठेवणारा) वापरणाऱ्यांनी नमुन्यातील मीठ आधी कसे काढले, हे कृपया सविस्तर सांगावे. पाऊस सुरू होईपर्यंतच ताजे रातांबे (कोकमाची फळे) मिळतील, म्हणून ही घाई.