चौंडकं आणि हाऊस एका मिक्समध्ये

चौंडक्याची (यल्लम्माच्या भक्तांचं एका तारेचं वाद्य) गाणी, कन्नड भावगीत आणि हाऊस (ठाम ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) एका मिक्समध्ये, म्हणजे न थांबता एकातून दुसऱ्यात जाणाऱ्या गाण्यांच्या सलग जोडणीत, कशी बसवायची, असं विचारलंय. बसतात की! मी खानापूरकडचा. आमच्या घरी सकाळी मराठी अभंग, शेजारी कन्नड वचनं आणि रस्त्यावर हिंदी गाणी एकदमच ऐकू यायची, त्यामुळे असं मिक्स मला परकं वाटतच नाही.

मी मिक्सक्स (Mixxx) हे डीजे सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे. खरी अडचण वेगाची. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत रेकॉर्ड केलेलं चौंडकं एका लयीत राहत नाही, रंगात आलं की चढत जातं. तिथं दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणाऱ्या सिंक बटणाच्या नादी लागू नका. शेवटच्या आवर्तनाची सम (तालाची पहिली मात्रा) कानानं पकडा आणि नेमकी तिथंच पुढच्या गाण्याची किक (ड्रमचा जाड ठोका) सोडा. संथ भावगीत ७० बीपीएमचं (मिनिटाला ७० ठोके) असेल तर १४० चं गाणं त्याच्यावर अलगद बसतं, दुप्पट लय ना ती. वेग ६ टक्के वाढवला की सूर जवळजवळ अर्धा स्वर चढतो, म्हणून की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) चालू ठेवा. दोन गाण्यांचा बास (खालचा घुमणारा आवाज) मात्र एकत्र वाजू देऊ नका, एकाचा काढूनच दुसऱ्याचा आणा.

मित्रांना पाठवताना एक तासाची ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) दर्जाची एमपीथ्री साधारण १४४ एमबी होते. सोबत गाण्यांची यादी गायक-वादकांच्या नावांसकट द्याच. लोककलाकारांची नावं आधीच फार गळतात हो. तुमचं झालं की इथं टाका, मी नक्की ऐकणार.