मोरसला गेलेला माणूस: खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचा माग कसा काढायचा?

आठल्यांची_वाट (चिपळूण)

नमस्कार. मी ६८ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. माहेर संगमेश्वर तालुक्यातलं, खोताच्या कुळाचं घर.

आमच्याकडे सर्वपित्रीला एक पान जास्त वाढतात. वाडीत सगळे त्याला "मोरसकराचं पान" म्हणतात. खापरपणजोबांचा धाकटा भाऊ तरणाताठा असताना घर सोडून गेला, तो परत आला नाही. कधी मेला, कुठे मेला, कुणालाच ठाऊक नाही, म्हणून त्याला तिथी नाही, आणि म्हणून अमावस्या. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. नाव मला माहीत आहे, कारण मरायच्या आधी दोन वर्षं आजीने ते माझ्या कानात सांगितलं होतं.

त्या पानावरची खीर गुळाची असते. बाकीच्या पानांवर साखरेची वाढली तरी चालायची. लहानपणी एकदा मी घाईत साखरेचीच वाटी तिथे ठेवली, तर आजीने हात धरला. "मोरस नको गो त्याच्या पानावर. ती काढतानाच मेला असंल तो." आमच्याकडे पांढऱ्या साखरेला मोरसच म्हणत. वाण्याच्या यादीतसुद्धा "मोरस १ शेर" असंच लिहिलेलं असायचं. मोरस हे गावाचं नाव असेल असं मला तेव्हा सुचलंच नाही.

तो का गेला, ते आजीला तिच्या सासूने सांगितलेलं असं: खोताच्या शेतावर आठ दिवसांतून एक दिवस फुकट राबावं लागायचं. ऐन लावणीत खोताचं बोलावणं आलं आणि हा गेला नाही. स्वतःच्या चिखलात उभा राहिला. पुढे काय झालं ते कुणी बोलत नाही. महिन्याभरात तो बंदरावरून मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर चढला. सत्तावनच्या बंडानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट.

बऱ्याच वर्षांनी पलीकडच्या गावातला एकजण तिकडून परत आला. त्याने एवढंच सांगितलं, की तो जिवंत आहे, पण "अंगावर कागद नव्हता म्हणून धरून नेला."

विचारायचं आहे ते हे, की मोरस म्हणजे मॉरिशसच ना? अंगावर कागद नव्हता म्हणजे कसला कागद? आणि इतक्या वर्षांनी अशा माणसाचा माग लागतो का? माझ्यानंतर हे पान कोण वाढेल, ठाऊक नाही. त्याआधी कळलं तर बरं होईल.

---

खाडीपलीकडे

ताई, मोरस म्हणजे मॉरिशसच. मुंबईच्या बाजारात तिथली साखर यायची, तिचं नाव आपल्या बोलीत रुळलं. चीनची ती चिनी, तशी मॉरिशसची ती मोरस.

आजींनी सांगितलं त्याला आपल्याकडे आठवेठ म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खोतीच्या जुन्या नोंदींत हा शब्द आहे.

आता तिकडची बाजू. ब्रिटिशांनी मॉरिशसमधली गुलामी १८३५ मध्ये कायद्याने संपवली. उसाच्या मळेवाल्यांनी त्याच्या आधीच हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात केली होती. कलकत्त्याहून निघालेलं 'ॲटलास' जहाज २ नोव्हेंबर १८३४ ला मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराला लागलं. हाल बाहेर आले तेव्हा १८३९ मध्ये ही भरती बंद करावी लागली आणि १८४२ च्या कायद्याने पुन्हा उघडली. १९१० पर्यंत साडेचार लाखांवर माणसं गेली. बहुतेक कलकत्त्याहून, बरीच मद्रासहून आणि त्यामानाने थोडी मुंबईहून. या थोड्यांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे बरेच होते.

करार पाच वर्षांचा असायचा. गड्याला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ. पण एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. तुमच्या माणसाने आठातला एक दिवस द्यायला नकार दिला आणि जिथे पोचला तिथे एका दिवसाला दोन द्यावे लागले. हे वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

---

ऊस_आणि_इतिहास

कागदाबद्दल मी सांगतो, माझा वाचनाचा विषय हाच आहे.

पाच वर्षं पुरी केलेल्या माणसाला तिथे 'जुना स्थलांतरित' म्हणत. तो मोकळा व्हायला हवा होता, पण मळेवाल्यांना मोकळी माणसं नको होती. परतीचा फुकट प्रवास तर १८५० च्या दशकातच काढून घेतला होता. १८६७ चा कायदा झाला आणि अशा प्रत्येकाला फोटो लावलेला पास सतत जवळ बाळगावा लागला. पोलीस रस्त्यावर अडवत. पास नाही तर भटक्या म्हणून कोठडी. हरवला तर नवीन काढायला एक पौंड, म्हणजे दोन महिन्यांची मजुरी. तुमच्या गावकऱ्याने सांगितलेली गोष्ट म्हणजे बहुधा १८६७ नंतरची. त्या एकाच वर्षात हिवतापाने बेटावर तीस हजारांहून जास्त माणसं गेली होती. त्यातूनही तो वाचला होता, असं दिसतं.

आणि ही माणसं गप्प बसली नाहीत, हे मला आवर्जून सांगायचं आहे. १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. आदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याने त्यांना साथ दिली, त्यासाठी त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. पण अर्जाखालची नावं मजुरांची होती, आणि नाव दिलं की काय भोगावं लागतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यावरून १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग आला, १८७५ च्या अहवालात पासाचा जाच आणि पगारकापणी दोन्ही उघडी पडली आणि १८७८ मध्ये मजुरांचा कायदा बदलला. आपल्याकडे या लोकांना "फसवून नेलेले बिचारे" म्हणून सोडून देतात. फसवणूक झालीच, पण गोष्ट तिथे संपत नाही.

---

कास्काव्हेलचा

काकू, नमस्कार. मी मॉरिशसहून लिहितो. घरी आम्ही क्रेओल बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

माग लागू शकतो. प्रत्येक माणसाला उतरल्यावर नंबर दिला होता. रजिस्टरात नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जहाज असं लिहिलेलं असतं. ती रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि लोक तिथे जाऊन आपल्या माणसाचा कागद काढतात. मी माझ्या पूर्वजाचा काढला. नंबर माहीत नसेल तर वेळ लागतो, कारण गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. लक्ष्मणचं लुक्सिमन झालं.

अजून एक सांगतो. आमच्याकडे तुमच्यासारखी आडनावं नाहीत. जो पहिला आला, त्याचं एकेरी नाव किंवा त्याच्या बापाचं नाव हेच पुढे सगळ्यांचं आडनाव झालं. म्हणून आडनावावरून शोधू नका, नावावरून शोधा.

गणपतीला आम्ही झाकरी नाचतो. रत्नागिरीहून आलेल्या एका पाहुण्यांनी सांगितलं की ही तुमची जाखडीच. शब्द थोडा वाकला, पाय तसेच पडतात.

पासावर फोटो असायचा, हे वरच्या काकांनी लिहिलंच आहे. इन्स्टिट्यूटच्या संग्रहात असे जुने फोटो आजही आहेत. तुमच्या माणसाचा असेल असं वचन देत नाही, पण विचारून बघू. मला नाव पाठवा.

---

आठल्यांची_वाट (चिपळूण)

तुम्हा तिघांचे उपकार कसे फेडू?

बाळा, तुझी मराठी छान आहे, काही सांभाळून घ्यावं लागलं नाही. आडनावाचं लिहिलंस ते मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या घरात ज्याचं नाव दीडशे वर्षं कुणी उच्चारलं नाही, ते तिकडे एखाद्या शाळेत रोज हजेरीला घेतलं जात असेल. एखाद्या दुकानाच्या पाटीवर असेल. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी त्याला एकटा मेलेला धरून चालले होते.

नाव तुला निरोपातून पाठवलं आहे, त्याच्या वडिलांचंही. आमच्या बोलीत ते कसं उच्चारतात त्याची तीन रूपं लिहिली आहेत. शेवटचा स्वर आम्ही गिळतो, तेव्हा कारकुनाला तो ऐकूच आला नसेल, त्याप्रमाणेही शोध. गावाच्या नावातही आमच्याकडे 'व'चा 'य' होतो.

आणि फोटो मिळालाच, तर आधी त्याचे कान बघ. आमच्या घरातल्या सगळ्या पुरुषांच्या उजव्या कानाची पाळी चिकटलेली आहे. माझ्या नातवाचीसुद्धा.