मदत हवी आहे: खो-खोच्या सरावाला मुलं टिकत नाहीत

मैदानकर
नमस्कार. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी खो-खोचा सराव घेतो. जूनमध्ये पोरं मावत नव्हती, आता निम्मीही येत नाहीत आणि येतात ती रोज वेगळी. मुली तर तीनच उरल्या. जानेवारी २०२५ मध्ये भारताच्या पुरुष-महिला दोन्ही संघांनी खो-खोचा विश्वचषक आणला तेव्हा आठवडाभर झुंबड होती, मग ये रे माझ्या मागल्या. फायनलचे व्हिडिओ दाखवून झाले, पालकांना फोन झाले, हजेरीला चॉकलेटही सुरू केलं. तालुका स्पर्धा तोंडावर आहे. मोबाईल आणि ट्यूशन ही कारणं मला माहीत आहेत, ती सांगू नका. मोटिव्हेट कसं करायचं ते सांगा. जरा लवकर.

अनघा_पी
वय काय मुलांचं? सराव किती वेळ? त्यात काय काय घेता, क्रमाने? सोडून गेलेली कोण आहेत, नवीन की जुनी? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निवृत्त_शिट्टी
मोटिव्हेशन वगैरे सगळं नंतर. आधी शिस्त. उशिरा आला की मैदानाला पाच फेऱ्या, दांडी मारली की पन्नास बैठका. ज्याला खेळायचंय तो टिकतो, बाकीचा गाळ आपोआप निघून जातो.

तिसरी_तुकडी
@निवृत्त_शिट्टी, गाळ निघून गेलाय, म्हणूनच तर धागा आहे.
फेऱ्या ही शिक्षा म्हणून वापरलीत की पोरगं पळण्यालाच शिक्षा समजतं, आणि खो-खोत पळण्याशिवाय आहे काय? उशिरा येणाऱ्यासाठी सरावाची पहिली १० मिनिटं सगळ्यात मजेची ठेवा. विषामृत घ्या, लंगडी घ्या. ते चुकू नये म्हणून पोरं घड्याळाआधी हजर होतात.

गोडबोले_आहार
सरावानंतर पोटात काय जातं याकडे कुणी बघतच नाही. मोड आलेली मटकी, केळं, राजगिऱ्याचा लाडू. चहा-बिस्कीट बंद. सरावाआधी दीड तास जड खाणं नको.

अनघा_पी
गोडबोले, प्रश्न तो नाहीये हो.

मैदानकर
वय ९ ते १४, सगळी एकत्र. साडेपाच ते सात. आधी चार फेऱ्या, मग व्यायाम, मग खो देण्याचा सराव ओळीने, मग सामना. सामन्यात स्पर्धेच्या बारा जणांना प्राधान्य, कारण संघ बसवायचाय. बाकीचे बाजूला बसून बघतात, बघूनही शिकतातच की. सोडून गेली ती बहुतेक नवीन आणि लहान. पण मला सल्ला मुलांबद्दल हवाय, माझ्याबद्दल नको.

तिसरी_तुकडी
मैदानकर, उत्तर तुमच्याच प्रतिसादात आहे. हिशेब करा. पूर्ण मैदानावर पाठलागाला ९, पळतीला ३. त्या नऊतले आठ चौकोनात बसलेले. म्हणजे कुठल्याही क्षणी चारच पोरं हलतात. २४ आली तर बारा जण तर खेळाच्या बाहेरच.

आणि बारातही सगळ्यांना सारखं मिळत नाही. पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, आणि कच्चा गडी नेहमी तिसऱ्या तुकडीत जातो. पहिल्या दोन तुकड्यांनीच डाव खाल्ला की त्याची पळती येतच नाही. पाठलागात त्याला खांबाजवळचा चौकोन देतात आणि चपळ पोरं त्याला टाळून पलीकडच्याला खो देतात. तो अख्खा डाव उकिडवा बसून, एकदाही न उठता घरी जातो. अशा पोराला कुठला व्हिडिओ दाखवणार?

उपाय: आठवड्यात पूर्ण मैदान फक्त दोनदा, एरवी छोटी मैदानं. फक्कीने १२ मीटर × ८ मीटर आखा. मधल्या पाटीवर (मधोमधच्या लांब पट्ट्यावर) चार चौकोन, दोन-दोन मीटरवर, तोंडं एकाआड एक उलट दिशेला. पाच पाठलागाला (चार बसलेले, एक उठलेला), दोन पळतीला, एक घड्याळ-शिट्टीला. डाव ९० सेकंदांचा, ३० सेकंदांत सगळे एकेक जागा पुढे. आठ जागा फिरून झाल्या की १६ मिनिटं होतात आणि प्रत्येकाची दोनदा पळती, एकदा पहिला पाठलाग, चारदा बैठक, एकदा पंचगिरी झालेली असते. २४ पोरांना तीन मैदानं पुरतात.

वर एकच जादा नियम: बसलेल्या चौघांना एकेक खो मिळाल्याशिवाय बाद केलेला गडी धरायचा नाही. कच्च्याला टाळणं त्याच दिवशी थांबतं.

खांबवाला
मस्त मांडलंय, पण छोट्या मैदानाला खांब कुठून आणणार? रंगाच्या डब्यात काँक्रीट भरून पाइप उभा करतात ना, ते मुळीच करू नका. पोरगं खांब धरून वळतं, डबा कलंडतो, पाइप डोक्यात. पुरलेला खांब नसेल तर तिथे कोन ठेवा आणि नियम करा की कोनाच्या पलीकडे पाय टेकवूनच दिशा बदलायची. पकडीची सवय पूर्ण मैदानाच्या दिवशी होईल. आणि कोनावर सूर मारायला बंदी. सूर शिकवायचा तर वाळूत किंवा गादीवर, मुरमावर नाही. सोललेल्या कोपरामुळे किती पोरं सुटतात याचा कुणी विचार करत नाही.

निवृत्त_शिट्टी
म्हणजे स्पर्धेच्या तोंडावर बारा जणांना सोडून भातुकली खेळायची? संघ कधी बसणार? एकेरी साखळी, दुहेरी साखळी (बसलेल्यांमधून नागमोडी पळणं) कधी घटवणार?

तिसरी_तुकडी
साखळी पूर्ण मैदानाच्या दोन दिवशी घटवा. छोट्या मैदानात खो देण्याची संख्या कित्येक पटींनी वाढते, त्यामुळे फाऊल तिथेच सुटतात. तालुक्याला संघ हरतात ते साखळी येत नाही म्हणून कमी, खो मिळायच्या आधीच उठण्याने आणि दिशा घेतल्यावर खांदा फिरवण्याने जास्त.

अनघा_पी
फाऊल निघाला म्हणून एक. चूक झाली की काय बोलता यावर पोरं टिकतात. "अरे किती वेळा सांगितलं!" यातून त्याला काय करायचं हे कळत नाही, फक्त सगळ्यांनी ऐकलं एवढंच कळतं. त्याऐवजी जवळ जाऊन: "उठलास झक्कास. आता आधी पाठीवर हात आणि 'खो' ऐक, मग ऊठ." एका वेळी एकच दुरुस्ती.
हे नुसतं गोड बोलणं नव्हे. अमेरिकेत स्मोल आणि स्मिथ यांनी मुलांच्या बेसबॉल कोचना नेमकं हेच शिकवलं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिकवलेल्या कोचकडची पुढच्या हंगामात ५ टक्के मुलं गळली, इतरांकडची २६ टक्के. आणि हा फरक जिंकण्या-हरण्यामुळे पडलेला नव्हता.

विदर्भी_वाघ
चॉकलेटचं काय? आमच्याकडे तर चालतं बुवा.

अनघा_पी
चालतं, बंद करेपर्यंत. १९७३ चा लेपर, ग्रीन, निस्बेट यांचा प्रयोग बघा. ज्या लहान मुलांना चित्र काढल्यावर बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं, ती नंतर बक्षिसाविना कमी चित्रं काढायला लागली. चॉकलेट हळूहळू काढा. त्याऐवजी एक वही ठेवा. दर शुक्रवारी छोट्या मैदानावर प्रत्येकाची पळती सेकंदांत मोजा आणि त्याचा आकडा त्याच्याच मागच्या आकड्याशेजारी लिहा. ११ चे १४ झाले की पोरगं घरी जाऊन सांगतं.

फ्योर्डकाठी
पण ती वही भिंतीवर लावू नका. इथे नॉर्वेत मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून आहेत. ज्या वर्षी मूल ११ चं होतं त्याच्या आधी निकालाच्या याद्या, क्रमवारी काहीही नाही. स्पर्धा असतात, तक्ता नसतो.

निवृत्त_शिट्टी
नॉर्वेत १४ वर्षांखालील राज्य स्पर्धा असते का? आपल्याकडे असते. तिथले लाड इथे नकोत.

फ्योर्डकाठी
हिवाळी ऑलिम्पिकच्या पदकतक्त्यात नॉर्वे कुठे असतं ते बघा, मग लाडांचं बोलू.

विदर्भी_वाघ
दहावीच्या क्रीडा गुणांचं कुणीच बोललं नाही. पालक त्यासाठीच तर पाठवतात. अवांतर: प्रस्ताव शाळेमार्फत कधी जातो?

खांबवाला
त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे नऊ वर्षांच्या पोरांचं चाललंय, दहावीला अजून अवकाश आहे.

डॉ_मुरूम
एक गोष्ट सगळे विसरलेत. १० ते १४ मध्ये उंची झपाट्याने वाढते तेव्हा गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखतं, कधी टेंगूळ येतं. खो-खोत पोरं उकिडवी बसून झटक्यात उठतात, नेमका तिथेच ताण येतो. पोरगं "दुखतंय" म्हणत नाही, ते यायचंच बंद होतं. लहानग्यांच्या टाचेचंही तेच, कडक जमिनीवर अनवाणी पळून.
काय करावं: सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त चौकोनात बसवू नका (छोट्या मैदानात ९० सेकंदांचे चार डाव आणि मध्ये उठणं, म्हणून ते बरं). मांडीच्या पुढच्या स्नायूंचा ताण सरावानंतर, प्रत्येक पायाला अर्धा मिनिट. मैदानावर आदल्या संध्याकाळी पाणी मारा. टेंगूळ असेल, लंगडत असेल, रात्री दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टर. "सहन कर, खेळाडू आहेस ना" हे वाक्य बंद.

सावित्री_के
मुलींबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहिते. तीन मुली मुलांच्या सामन्यात कोंबल्या की तिघीही जातात. त्यांचं वेगळं छोटं मैदान करा, संख्या भरेपर्यंत ११ खालच्या मुलग्यांसोबत. कपडे बदलायला कुलूप लावता येईल अशी खोली आणि पाणी असलेलं शौचालय उघडं आहे का, हे स्वतः जाऊन बघा. शिपायाकडे चावी आणि शिपाई पाचला घरी, हे फार ठिकाणी असतं. हाफ पँटची सक्ती नको, ट्रॅक पँट चालते. सातपर्यंत थांबवू नका, सव्वासहाला मोकळं करा. अंधार पडायच्या आत घरी पोचली तर घरचे पुन्हा पाठवतात. आणि पाळीच्या दिवसांत कारण न विचारता सूट, सगळ्यांसमोर तर नाहीच.

मैदानकर
शौचालयाची चावी शिपायाकडेच असते. उद्या मुख्याध्यापकांशी बोलतो. पण ९ वर्षांचं आणि १४ वर्षांचं एकत्र ही अडचण राहतेच ना? माझ्याकडे मदतनीस नाही. तीन मैदानांवर मी एकटा कसा पुरणार?

तिसरी_तुकडी
साधारण ११ च्या खालची आणि वरची वेगळी करा, पण वर्गाप्रमाणे नको, उंचीप्रमाणे. तेरा वर्षांची ठेंगणी पोरं धाकट्यांत लाजतात, त्यांना तिथे पंच करा.
एकटे पुरता कारण प्रत्येक मैदानावर घड्याळवाला पोरगाच आहे. ९० सेकंदांची शिट्टी तुम्ही मधून एकच वाजवा, तिन्हीकडे एकदम जागा बदलतात. तुम्ही एका मैदानाशी एक फेरा, म्हणजे १६ मिनिटं उभे राहा. पंचांना तीनच फाऊल शिकवा: लवकर उठला, खो ऐकू आला नाही, दिशा बदलली. बाकीचं सोडून द्या.
आणि ते बारा जण? दोघा-दोघांना धाकट्यांच्या मैदानावर पाळीने पाठवा. हूल कशी देतात हे धाकट्याला करून दाखवताना मोठ्याचीही हूल सुधारते.

मैदानकर
बरं. उद्या आखून बघतो. फक्त एक: माझ्याकडे बरोब्बर २४ कधीच येत नाहीत. १९ आली तर?

तिसरी_तुकडी
७, ६, ६. सात असतील तिथे घड्याळवाला नाही, शिट्टी तुमचीच. फाऊल बसलेल्यांनी ओरडून सांगायचा. सहा असतील तिथे एक चौकोन कमी करा: तीन बसलेले, एक पाठलागाला, दोन पळतीला. नऊ झाली तर दुसरा पंच फक्त फाऊल मोजायला. बाजूला बसवायचं कुणालाच नाही.

खांबवाला
आणि फक्की जरा जास्त आणा. धाकटी पोरं पहिल्या दिवशी अर्ध्या रेषा पायांनीच पुसतात.