क्लच बदलताना फ्लायव्हीलचे काय केले? खर्चाचे आणि निर्णयाचे अनुभव

गेल्या महिन्यात माझ्या डिझेल गाडीचा क्लच बदलून घेतला. गाडी १,४०,००० किलोमीटर चालली होती आणि दोन-तीन आठवडे लक्षण स्पष्ट दिसत होते. चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा वर जायचा, वेगाचा काटा मात्र हलत नसे, आणि चढ संपेपर्यंत जळका वास आत यायचा. गॅरेजने क्लच किट आणि मजुरी यांचा अंदाज दिला, तो मान्य करून मी गाडी तिथे सोडली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला की गिअरबॉक्स उतरवला आहे, ड्युअल मास फ्लायव्हीलही (इंजिनाच्या टोकाला बसणारे, दोन चकत्यांचे जड चाक) गेलेले आहे, नवे मागवायचे की नाही ते तासाभरात कळवा. त्या एका फ्लायव्हीलची किंमत संपूर्ण क्लच किटच्या दुपटीहून अधिक होती. उघडलेली गाडी तशीच ठेवणे शक्य नव्हते म्हणून मी होकार दिला; परंतु तो देताना माझ्याजवळ काहीही माहिती नव्हती, ही गोष्ट अजून सलते.

क्लचच्या खर्चाचे गणित इतर दुरुस्त्यांपेक्षा वेगळे आहे. क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग हे भाग इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये दडलेले असतात, आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी ड्राइव्ह शाफ्ट काढून अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. काही गाड्यांत त्याआधी सबफ्रेमही सैल करावी लागते. माझ्या बिलात फ्लायव्हील वगळले तर उरलेल्या रकमेतला निम्म्याहून अधिक भाग केवळ मजुरीचा होता. फ्लायव्हील बदलण्यासाठी त्यापुढे फक्त सहा-आठ बोल्ट काढायचे असतात. त्यामुळे निर्णय घ्यायचा तर तो गिअरबॉक्स खाली असतानाच घ्यावा लागतो, आणि नेमका त्याच वेळी गाडीचा मालक सर्वांत अडचणीत असतो.

आपण हे काम करून घेतले असेल तर कृपया सविस्तर लिहावे. फ्लायव्हील तसेच ठेवले, घासून घेतले, त्याच प्रकारचे नवे बसवले, साध्या एकसंध फ्लायव्हीलवर गेलात की हलके बसवले? भाव गाडीगणिक बदलतात, म्हणून रकमेऐवजी प्रमाण लिहावे. आणि काही हजार किलोमीटरनंतर गाडी कशी चालते, ते अवश्य लिहावे.

*

माझी गाडी छोटी पेट्रोल, फ्लायव्हील साधे एकसंध बिडाचे. पहिल्यांदा क्लच बदलला तेव्हा फ्लायव्हील घासून घेण्याचा खर्च वाचवावा असे मला वाटले आणि मेकॅनिकनेही आग्रह धरला नाही. ८०० किलोमीटरच्या आतच पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना झटके सुरू झाले. क्लच हळू सोडला तरी बोनेट थरथरायचे आणि डॅशबोर्डवर ठेवलेली किल्ली सरकत जायची. शेवटी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला.

या वेळी मी स्वतः गॅरेजमध्ये थांबलो. फ्लायव्हीलच्या तोंडावर निळसर-जांभळे डाग होते, म्हणजे क्लच घसरून ती जागा अतिशय तापली होती. त्या डागांवरून नख फिरवले की कडेला बारीक उंचवटा लागत होता. तापून थंड झालेले बीड त्या ठिकाणी कडक होते, तिथे पकड वेगळी मिळते, आणि नवी प्लेट त्यावर टेकली की झटके येतात, असे मला समजावून सांगण्यात आले. लेथवर अगदी पातळ कट मारून तोंड सपाट केले, नवी क्लच प्लेट घातली आणि झटके पूर्ण थांबले. घासण्याची मजुरी एकूण खर्चाच्या विसाव्या भागाएवढीही नव्हती. ती वाचवण्यासाठी मी गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दुसऱ्यांदा भरली, वर एक प्लेट गेली ती वेगळीच.

एक सूचना करतो. फ्लायव्हीलच्या तोंडाला पायरी असेल, म्हणजे प्रेशर प्लेट बसते तो भाग आणि क्लच प्लेट टेकते तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असतील, तर ते दोन्ही भाग सारखेच घासून घ्यावेत. केवळ मधला भाग घासला तर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो.

*

मी डिझेल गाडीचे ड्युअल मास फ्लायव्हील काढून त्याजागी साधे एकसंध फ्लायव्हील आणि स्प्रिंग असलेली क्लच प्लेट असे रूपांतर किट बसवले. किट आणि फ्लायव्हील मिळून जी किंमत झाली, ती मूळ ड्युअल मास फ्लायव्हीलच्या एकट्याच्या किमतीपेक्षा कमी होती, आणि पुढच्या वेळी केवळ क्लच बदलावा लागेल हा विचारही मोहात पाडणारा होता.

यात सोडून काय द्यावे लागते, ते मात्र आधी नीट जाणून घ्यायला हवे होते. ड्युअल मास फ्लायव्हील म्हणजे दोन चकत्या आणि त्यांच्यामध्ये ग्रीसमध्ये बुडालेल्या लांब कमानदार स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचा प्रत्येक ज्वलनाचा हिसका त्या स्प्रिंगा शोषून घेतात आणि गिअरबॉक्सकडे जाणारे फिरणे बरेचसे एकसारखे होते. साध्या फ्लायव्हीलमध्ये हे काम प्लेटवरच्या छोट्या स्प्रिंगांवर पडते आणि त्यांची झेप तेवढी नसते. माझ्या गाडीत न्यूट्रलमध्ये उभे असताना गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते, क्लच दाबला की ती थांबते. आणि १५०० आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये गाडी ओढली तर गिअर लिव्हरमध्ये कंपन जाणवते. ६०,००० किलोमीटर झाले, काहीही तुटलेले नाही. तरीही गिअरबॉक्सच्या बेअरिंगांवर हा जास्तीचा ताण रोज पडतो आहे, हे मी विसरू शकत नाही. गाडी दहा वर्षे ठेवायची असती तर मी मूळ प्रकारचेच फ्लायव्हील घातले असते. माझ्या परिचयातले एक गृहस्थ सतत माल वाहणारी गाडी चालवतात, ते हेच रूपांतर करून पूर्ण समाधानी आहेत. आवाजापेक्षा गाडी बंद न पडणे त्यांना महत्त्वाचे आहे, आणि ते मला योग्य वाटते.

*

थोडक्यात लिहितो. माझ्या गाडीत क्लचचा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर द्रवाच्या दाबातून रिलीज बेअरिंगपर्यंत पोहोचवणारा भाग) गिअरबॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगसोबतच बसवलेला आहे. क्लच बदलताना तो सुस्थितीत दिसत होता म्हणून ठेवला. चार महिन्यांनी तो गळू लागला, पेडल तळाला जाऊन चिकटले, आणि त्या एका भागासाठी सगळी मजुरी पुन्हा द्यावी लागली. क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलचेही तसेच आहे. फ्लायव्हील निघालेलेच असते तेव्हा सीलची किंमत नगण्य असते, आणि ते पुढे गळले तर तेल नव्या क्लच प्लेटवरच येते.

*

माझा अनुभव हलक्या फ्लायव्हीलचा आहे आणि तो मी मनापासून आनंदाने लिहितो आहे. पेट्रोल गाडी, मूळ फ्लायव्हील ९ किलोचे, बसवले ते ५ किलोचे, क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) पोलादाचे. क्लच तसाही बदलायचा होता, त्यामुळे मजुरी एकच पडली. फ्लायव्हीलची किंमत क्लच किटच्या जवळपास दीडपट होती.

पहिल्याच दिवशी फरक जाणवला. गिअर उतरवताना अ‍ॅक्सिलरेटरला किंचित स्पर्श केला की आरपीएम तत्काळ वर येतो आणि क्लच सोडताना गाडीला हिसका बसत नाही. पहिल्या दोन गिअरमध्ये गाडी अधिक तत्पर झाली, वरच्या गिअरमध्ये मात्र काहीच बदल कळत नाही. याचे कारण शोधले तेव्हा साधे गणित सापडले. फ्लायव्हीलच्या जडत्वाचा गाडीवर होणारा परिणाम एकूण गिअर गुणोत्तराच्या (चाक एकदा फिरते तेव्हा इंजिन जितक्या वेळा फिरते त्या संख्येच्या) वर्गाप्रमाणे वाढतो. केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवरचे ४ किलो कमी केले, चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली आणि पहिल्या गिअरचे एकूण गुणोत्तर १४ धरले, तर वेग घेताना गाडीचे वजन सुमारे ८७ किलोने कमी झाल्यासारखे असते. वरच्या गिअरमध्ये तेच गुणोत्तर ३ धरले तर फरक जेमतेम ४ किलोचा उरतो. इंजिनाची ताकद तसूभरही वाढत नाही, हे नव्याने विचार करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तोटेही खरे आहेत. रहदारीत गाडी उचलताना पहिले दोन आठवडे इंजिन अनेकदा बंद पडले, कारण फ्लायव्हीलमध्ये साठवलेली ऊर्जा कमी असते आणि क्लच थोडा लवकर सुटला तरी आरपीएम कोसळतो. वातानुकूलन सुरू असताना उभ्या गाडीत इंजिन पूर्वीइतके शांत राहत नाही. दोनदा इंजिनाचा दिवा लागला. तपासले तर संगणकाने मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याची, नोंद केली होती. क्रँकच्या वेगातल्या चढउतारांवरून तो मिसफायर ओळखतो आणि हलक्या फ्लायव्हीलमुळे ते चढउतार वाढतात. रोज गर्दीतून जाणाऱ्या, जड ओझे ओढणाऱ्या किंवा घरातल्या दोन-तीन माणसांनी चालवायच्या गाडीला हे फ्लायव्हील मी सुचवणार नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. मूळ बिडाचे फ्लायव्हील लेथवर कोरून हलके करण्याचा स्वस्त मार्ग कुणी सुचवला तर तो स्वीकारू नये. ७००० आरपीएमला फुटलेले बीड बेल हाउसिंग (क्लचभोवतीचे आवरण) भेदून बाहेर येऊ शकते, आणि ते चालकाच्या पायापासून हातभर अंतरावर असते. मी घेतलेल्या फ्लायव्हीलवर एसएफआय १.१ (शर्यतीच्या गाड्यांच्या भागांसाठीचे सुरक्षा मानक) प्रमाणनाचा शिक्का होता, आणि तो पाहूनच पैसे दिले.

*

मी अनेक वर्षे गॅरेजमध्ये हेच काम करतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. धागा सुरू करणाऱ्यांना जो फोन आला तो चुकीच्या वेळी आला. डिझेल गाडीचा क्लच १,००,००० किलोमीटरच्या पुढे गेला असेल तर फ्लायव्हीलचा प्रश्न येणार, हे आम्हाला गाडी आत घेतानाच ठाऊक असते. अंदाज देताना तीन ओळी स्वतंत्र लिहायला हव्यात: केवळ क्लच, क्लच आणि फ्लायव्हील, आणि फ्लायव्हील तपासून मगच ठरवायचे असल्यास कोणत्या मोजमापावर ठरवणार. ग्राहकाने हे मागावे. चांगले गॅरेज नाही म्हणणार नाही.

प्रत्येक क्लचबरोबर ड्युअल मास फ्लायव्हील बदललेच पाहिजे, हे मला मान्य नाही. गाडीवरच असताना दुसरी चकती हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी. थोडी मोकळी फिरून मग स्प्रिंगचा विरोध लागला पाहिजे. हा मोकळा प्ले स्टार्टर रिंगच्या दातांमध्ये मोजतात. दुसरी तपासणी डोलण्याची, ती डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या काटेरी मापकाने). दोन्हींच्या मर्यादा उत्पादकाच्या तक्त्यात प्रत्येक फ्लायव्हीलसाठी वेगळ्या दिलेल्या असतात, त्यामुळे केवळ हाताच्या अंदाजाने निकाल देऊ नये. ग्रीस बाहेर फेकलेले दिसले, चकती अडखळत फिरली किंवा तोंडाला तडे असले तर मात्र मोजत बसण्याचे कारण नाही.

गाडी उघडण्याआधीही काही कळते. न्यूट्रलमध्ये क्लचचे पेडल दाबल्यावर आवाज सुरू झाला तर संशय रिलीज बेअरिंगवर. इंजिन बंद करताना शेवटच्या क्षणी जोरात खडखड झाली तर फ्लायव्हीलवर.

बसवताना खर्च वाचवू नये अशा गोष्टी फारशा नाहीत, पण ज्या आहेत त्या जीवावरच्या आहेत. बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून घट्ट करण्याचे असतात, ते एकदाच वापरायचे. स्वयं-समायोजन होणारी प्रेशर प्लेट खास अवजाराशिवाय आवळली तर तिचे समायोजन बसवतानाच सरकते आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून बिघडतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस बोटभर नको, पुसट थर पुरे. जास्तीचे फिरताना उडून प्लेटवर जाते. आणि इंजिनाचा संगणक रीमॅप करून (त्याची मांडणी बदलून) टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, वाढवलेला असेल तर ते आम्हाला आधीच सांगावे, कारण मूळ क्षमतेचा क्लच तिथे टिकणार नाही आणि नंतर दोष कुणाचा यावर वाद होतो.

*

वरचे वाचून मी काल गॅरेजमध्ये गेलो आणि माझे जुने फ्लायव्हील अजून आहे का, असे विचारले. कोपऱ्यात भंगारासोबत होते. जमिनीवर आडवे ठेवून वरची चकती फिरवली, तर ती कुठेही विरोध न लागता बरीच फिरली आणि मग आतून धातूवर धातू आपटल्याचा आवाज आला. दुसऱ्या बाजूलाही तसेच. खडूने खूण करून दात मोजले. तक्त्यात माझ्या गाडीसाठी दिलेल्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक भरले. कडेने सुकलेल्या काळ्या ग्रीसचा पट्टा होता. म्हणजे बदलणे आवश्यकच होते. तक्ता त्यांच्याच संगणकात होता आणि छापून घ्यायला दोन मिनिटेही लागली नाहीत. तो कागद आणि मोजलेल्या दातांचे छायाचित्र मी बिलासोबत लावून ठेवले आहे.