शब्दचर्चा: जर्सी आणि जिब्राल्टर यांना मराठीत ‘वसाहत’ म्हणावे का?

शब्दयात्री

ब्रेक्झिटनंतरच्या ब्रिटिश राजकारणावरील एका लेखाचा मी सध्या मासिकासाठी अनुवाद करीत आहे. मूळ लेखात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील जर्सी आणि गर्न्झी, तसेच आइल ऑफ मॅन या बेटांना ‘क्राऊन डिपेन्डन्सी’ म्हटले आहे, तर स्पेनच्या दक्षिण टोकावरील खडकाळ जिब्राल्टर आणि दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड यांना ‘ओव्हरसीज टेरिटरी’. मी अनुक्रमे ‘राजसत्तेचा अंकित प्रदेश’ आणि ‘समुद्रपार प्रदेश’ असे शब्द योजले होते. संपादकांनी दोन्ही ठिकाणी ‘वसाहत’ केले आणि वाचकाला एक शब्द पुरेसा आहे, असा शेरा मारला. माझी अडचण अशी की लेखाचा सारा युक्तिवाद या फरकावरच उभा आहे. जिब्राल्टर 1973 मध्ये ब्रिटनबरोबर युरोपीय समुदायात गेले होते आणि ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे, यावरच्या 2016 च्या सार्वमतात तेथील रहिवाशांनी मतदान केले. जर्सी मात्र युरोपीय संघाची सदस्य कधीच नव्हती, फक्त मालाच्या व्यापारापुरती जोडलेली होती, आणि त्या सार्वमतात तिला स्थान नव्हते. दोन्हींना वसाहत म्हटले, तर एकीला मत का आणि दुसरीला का नाही, हे वाचकाला कळणार कसे? आपण कोणते शब्द वापराल?

अप्पा_सदाशिव

‘वसाहत’ या शब्दात वसणे आहे, हे आधी लक्षात घ्यावे. बाहेरून येऊन लोक वसले, तर ती वसाहत. जिब्राल्टरला तो शब्द अक्षरशः लागू पडतो, कारण 1704 मध्ये इंग्रज आणि डच आरमाराने तो खडक जिंकल्यावर बहुतेक स्पॅनिश रहिवासी बाहेर पडले आणि पुढे तेथे जिनोआचे, माल्टाचे, मोरोक्कोतील ज्यू असे नाना ठिकाणचे लोक येऊन राहिले. सुएझ कालवा झाल्यावर आपले सिंधी व्यापारीही गेले आणि आज तेथे हिंदू मंदिर आहे. जर्सीचे तसे नाही. तेथील नॉर्मन वंशाचा माणूस कोठून आणून वसवलेला नाही. तेव्हा संपादकांचा शब्द अर्धा बरोबर आणि अर्धा चूक आहे. माझी सूचना ‘राजाधीन बेटे’ आणि ‘सागरपार प्रदेश’ अशी. ‘क्राऊन डिपेन्डन्सी’ तसेच देवनागरीत उतरवू नका. ‘महापौर’ हा शब्द रुळला, तसे हेही रुळतील.

वकीलबाई

अप्पा, ‘राजाधीन’ मला पटत नाही, कारण त्यातून राजा नावाच्या व्यक्तीची हुकमत सूचित होते. येथे ‘क्राऊन’ म्हणजे राजपद. 1204 मध्ये इंग्लंडच्या राजाने मुख्य भूमीवरील नॉर्मंडी गमावली, पण ही बेटे त्याच्याकडे राहिली. आइल ऑफ मॅनचे हक्क तर 1765 मध्ये अ‍ॅथोलच्या ड्यूककडून 70,000 पौंडांना विकत घेतले गेले. म्हणजे या बेटांचे नाते ब्रिटन नावाच्या राज्याशी नसून थेट राजपदाशी आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार ब्रिटिश सरकार पाहते, मात्र कर, न्यायालये आणि अंतर्गत कायदे बेटांचे स्वतःचे आहेत. आपल्याकडची संस्थाने आठवा: कोल्हापूर, सांगली, औंध यांचे नाते ब्रिटिश राजसत्तेशी होते, ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्रांतिक सरकारांशी नव्हे. म्हणून ‘संस्थान’ हा शब्द मी गंभीरपणे सुचवते.

करवीरकर

संस्थानात वाढलेल्या घरातला माणूस म्हणून मला यावर आक्षेप घ्यावा लागतो. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘संस्थान’ म्हणजे आधी छत्रपतींची गादी होती आणि मग तिचा मुलूख. जर्सीला स्वतःची गादीच नाही. तेथे लोकांनी निवडलेली सभा आहे, बेलिफ (म्हणजे बेटाचा मुख्य न्यायाधीश) आहे, राजाचा प्रतिनिधी आहे. गादी नसलेले संस्थान मराठी कानाला पटणार नाही. शब्दयात्रीताईंचा ‘अंकित’ मला योग्य वाटतो, कारण त्यात अंक, म्हणजे खूण आहे: ज्याच्यावर दुसऱ्याची मुद्रा आहे तो अंकित. ‘मांडलिक’ मात्र चालणार नाही, कारण त्यात खंडणी आली.

मांडवीकाठ

मी गोव्याचा, त्यामुळे ‘समुद्रपार’ या शब्दाविषयी थोडे बोलतो. 1951 मध्ये हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना एका रात्रीत ‘समुद्रपार प्रांत’ करून टाकले. मूळ पोर्तुगीज शब्द ‘प्रोव्हिन्सिया उल्त्रामारीना’. पोर्तुगालचे म्हणणे असे की आमच्याकडे वसाहती नाहीतच, तेव्हा संयुक्त राष्ट्रांना जाब कसला द्यायचा? गोव्यातला माणूस त्याआधी जेवढा पारतंत्र्यात होता, तेवढाच नंतर 1961 पर्यंत राहिला. ब्रिटननेही आधी ‘क्राऊन कॉलनी’, मग 1981 च्या कायद्यात ‘डिपेन्डन्ट टेरिटरी’ आणि 2002 पासून ‘ओव्हरसीज टेरिटरी’ असे नाव बदलत नेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अस्वशासित प्रदेशांच्या यादीत जिब्राल्टर अजून आहे. म्हणून संपादकांना मी दोष देणार नाही. सत्ताधाऱ्याने दिलेले गोड नाव मराठीने जसेच्या तसे उचलावे, असे कोठे आहे?

वकीलबाई

मांडवीकाठ, गोव्याच्या बाबतीत आपले म्हणणे मी संपूर्ण मान्य करते. मात्र जिब्राल्टरच्या बाबतीत ‘वसाहत’ हा तटस्थ शब्द नाही, आणि हे एका घडलेल्या गोष्टीवरून दाखवता येते. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश नागरिकांना युरोपात अल्प मुक्कामासाठी व्हिसा लागू नये, असा कायदा युरोपीय संघाने 2019 मध्ये केला. त्यात स्पेनच्या आग्रहावरून एक तळटीप घातली गेली, आणि तिच्यात जिब्राल्टर ही ब्रिटिश राजसत्तेची वसाहत आहे, असे लिहिले होते. ब्रिटनने हरकत घेतली. युरोपीय संसदेत त्या कायद्याची जबाबदारी भारतीय वंशाचे ब्रिटिश मजूर पक्षाचे सदस्य क्लॉड मोराएस यांच्याकडे होती. त्यांनी ती तळटीप स्वीकारली नाही. त्यांच्याकडून काम काढून बल्गेरियाचे स्तानिशेव यांच्याकडे दिले गेले आणि एप्रिलमध्ये तळटिपेसह कायदा मंजूर झाला. एका शब्दासाठी एवढे घडले, कारण ‘वसाहत’ म्हटले की वसाहतमुक्ती आली, आणि स्पेनच्या मते वसाहतमुक्ती म्हणजे खडक स्पेनला परत देणे. खडकावर राहणाऱ्यांचे मत त्यात येतच नाही. 10 सप्टेंबर 1967 च्या मतदानात तेथील 12,138 लोकांनी ब्रिटनच्या बाजूने आणि 44 जणांनी स्पेनच्या बाजूने मत दिले होते. संपादकांनी तो शब्द घालताना आपण एका पक्षाची भाषा बोलतो आहोत, हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

रेडिंगकर

शब्दांपेक्षा मतदारयादीने मला हा फरक अधिक नीट शिकवला. 2016 मध्ये माझ्याकडे भारतीय पारपत्र होते, आणि तरीही मी त्या सार्वमतात मतदान केले, कारण ब्रिटनमध्ये किंवा जिब्राल्टरमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांना तो हक्क होता. माझ्या कार्यालयात जर्सीहून आलेले एक सहकारी होते. ते ब्रिटनमध्ये राहत असल्यामुळे मत देऊ शकले, पण जर्सीतच जन्मून तेथेच आयुष्य काढलेल्या त्यांच्या आईला मत नव्हते. पारपत्र तिचे ब्रिटिश, माझे भारतीय. तिच्या बेटाचा युरोपशी असलेला व्यापार ज्या निकालाने बदलणार होता, त्यावर मी शिक्का मारून आलो आणि ती बातम्या ऐकत बसली. वेस्टमिन्स्टरमध्ये जर्सीचा खासदार नाही, जिब्राल्टरचाही नाही. तेव्हा शब्द कोणताही घ्या, त्यातून हे कळले पाहिजे की हे लोक ब्रिटनच्या निवडणुकीच्या बाहेर राहून तिचे परिणाम भोगतात.

मांडवीकाठ

रेडिंगकर, याची दुसरी बाजू आमच्या घरात आहे. माझा आतेभाऊ पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनला गेला. तेथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तो तेथे काम करीत होता, कर भरत होता, पण युरोपीय नागरिक असल्यामुळे त्याला 2016 मध्ये मत नव्हते. निकालानंतर राहण्याचा हक्क टिकवण्यासाठी अर्ज मात्र त्यालाच करावा लागला.

किनारपट्टी

जिब्राल्टरवर एवढे बोलणे झाले, आता जर्सीच्या पाण्याकडे या. मी मालवणकडचा, मच्छीमार घरातला, त्यामुळे 6 मे 2021 ची बातमी मी बारकाईने वाचली होती. त्या सकाळी सुमारे 60 फ्रेंच नौका जर्सीच्या सेंट हेलियर बंदरासमोर येऊन उभ्या राहिल्या. ब्रेक्झिटच्या व्यापार कराराने सन 2000 चा ग्रॅनव्हिल उपसागराचा करार मोडीत निघाला होता आणि जर्सीने नवे परवाने देताना पूर्वी या पाण्यात मासेमारी केल्याचा पुरावा मागितला होता. मोठ्या नौकेवर ती कोठे गेली, याची यंत्राने केलेली नोंद असते. लहान नौकेवाल्याकडे शेवंडीचे सापळे असतात आणि स्वतःचा शब्द असतो. तो पुरावा आणणार कोठून? आमच्याकडे परवान्याच्या खिडकीपाशी पारंपरिक मच्छीमाराचे हेच होते. फ्रान्सच्या मंत्र्यांनी बेटाची वीज तोडण्याची भाषा केली, कारण जर्सीची जवळजवळ सगळी वीज फ्रान्समधून समुद्राखालच्या तारांनी येते. लंडनने ‘सेव्हर्न’ आणि ‘टेमार’ या आरमारी नौका पाठवल्या. आणि दिवस कोणता होता? इंग्लंडमध्ये स्थानिक निवडणुका होत्या आणि हार्टलपूलची पोटनिवडणूक होती, जी हुजूर पक्षाने जिंकली. आरमार निवडणुकीसाठी पाठवले, असे मी म्हणणार नाही, पण ज्यांच्या पाण्यात हे घडले त्यांना त्यातल्या एकाही पेटीत मत टाकता येत नव्हते. परवाने जर्सीचे सरकार देते, करार लंडन करते. हे ‘अंकित’मध्ये येते का? मला तर ‘पोटभाडेकरू’सारखे काहीतरी वाटते.

फॉकलंडचेही विसरू नका. तेथली माकुले (स्क्विड) स्पेनच्या व्हिगो बंदरातून युरोपात जातात. ब्रिटनच्या व्यापार करारात फॉकलंड धरलेच नाही, त्यामुळे 2021 पासून त्यांवर आयातशुल्क लागले.

अप्पा_सदाशिव

चर्चा रंगली आहे, पण एक गोष्ट मला खटकते. सगळेजण ‘सार्वमत’ लिहीत आहेत. मत सर्वांचे घेतले नाही, हेच तर रेडिंगकर सांगत आहेत! शिवाय 2016 चे मतदान कायद्याने बंधनकारक नव्हते, बाहेर पडण्याची सूचना देण्यासाठी 2017 मध्ये संसदेला वेगळा कायदा करावा लागला. मग त्याला ‘कौल’ म्हणावे. ‘जनतेने कौल दिला’ असे आपण म्हणतोच.

मांडवीकाठ

गोव्यात हाच वाद जुना आहे. 16 जानेवारी 1967 ला आम्ही फूल आणि दोन पाने या चिन्हांवर मते दिली. महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने 1,38,170 आणि केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 मते पडली. मराठीत त्याला ‘सार्वमत’ही म्हणतात आणि ‘जनमत कौल’ही. त्याच वर्षी जिब्राल्टरचे मतदान झाले, हे आज येथे वाचताना प्रथमच लक्षात आले.

करवीरकर

अप्पा, ‘कौल’ हा अरबीतून आलेला शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ वचन, आणि ‘कौलनामा’ म्हणजे सत्तेने रयतेला दिलेले अभयपत्र. आपण ‘डिपेन्डन्सी’ला हाकलता आणि ‘कौल’ला पाट मांडता, यामागचा नियम कोणता?

अप्पा_सदाशिव

नियम मुरण्याचा आहे. ‘कौल’ शेतात, देवळात, घरात गेला. ‘डिपेन्डन्सी’ भाषांतरकाराच्या मेजापलीकडे गेलेली नाही.

किनारपट्टी

आमच्या गावात आजही देवाला कौल लावतात. तेथे प्रश्न असा विचारावा लागतो की उजवा पडला तर काय करायचे आणि डावा पडला तर काय, हे आधी ठरलेले असेल. 2016 चा प्रश्न तसा नव्हता. बाहेर पडायचे, एवढे ठरले. जिब्राल्टर आणि स्पेनच्या सरहद्दीवरील फाटकाचे काय, जर्सीच्या पाण्याचे काय, यावर शब्दही नव्हता. तेव्हा ‘कौल’ नको.

रेडिंगकर

फाटकाचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2016 मध्ये जिब्राल्टरमध्ये 19,322 मते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने आणि 823 बाहेर पडण्याच्या बाजूने होती. रोज सुमारे 15,000 माणसे ती सरहद्द ओलांडून कामाला येतात. 31 डिसेंबर 2020 ला ब्रिटन आणि स्पेन यांच्यात त्या सरहद्दीबाबत तत्त्वतः समझोता झाला, पण जुलै 2023 मध्ये स्पेनची निवडणूक आली, ऑक्टोबरमध्ये जिब्राल्टरची स्वतःची, आणि मे 2024 मध्ये बोलणी जवळ आली असताना ब्रिटनची निवडणूक जाहीर झाली. राजकीय सहमतीला 11 जून 2025 उजाडावा लागला. निवडणूक कोठेही असो, ताटकळावे जिब्राल्टरलाच लागले. त्या लोकांना ‘स्वायत्त’ म्हणताना माझा हात अडखळतो.

शब्दयात्री

सर्वांचे आभार. संपादकांना तळटिपेची हकीकत कळवली. त्यांनी जिब्राल्टरसाठी ‘समुद्रपार प्रदेश’ मान्य केला आहे, जर्सीसाठी मात्र ‘अंकित’ हा शब्द त्यांना अपमानकारक वाटतो. रेडिंगकरांनी काढलेला मुद्दा माझ्याही समोर आहे: ‘स्वायत्त’ म्हणजे स्वतःच्या आयत्त, स्वतःच्याच अधीन. आपण मात्र तो महाविद्यालयांना आणि मंडळांना लावून इतका पातळ केला आहे की स्वतःचे कर ठरवणाऱ्या बेटासाठी तो अपुरा पडतो. ‘स्वशासित अंकित बेटे’ असे दोन्ही शब्द जोडून लिहिले तर चालेल का?

वकीलबाई

चालेल. दोन शब्दांत विरोध दिसतो, पण तो विरोध त्या बेटांच्या स्थितीतच आहे. पहिल्या उल्लेखाच्या वेळी अर्थ एका वाक्यात द्या, मग पुढे नुसते ‘बेटे’ म्हणा.

अप्पा_सदाशिव

चालणार नाही. स्वशासित असेल तो अंकित नव्हे. ‘राजाधीन’चा पुन्हा विचार करावा. आणि ‘सार्वमता’चे काय ठरले, ते कोणीच सांगितलेले नाही.