घरी बनवलेलं फॉग मशीन: नोझलमधून गरम थेंब उडतात, पाइप गळतो, कंट्रोलच्या डब्यात दव साचतं

रामबाग_नेपथ्य
मंडळी, इंदूरला गणेशोत्सवातल्या नाटकासाठी फॉग मशीन बनवलंय. २ किलोचा ॲल्युमिनियम ब्लॉक, त्यात ५०० वॅटचे दोन कार्ट्रिज हीटर, ६ मिमी स्टीलच्या नळीचं वेटोळं, कॉफी मशीनमध्ये असतो तसला व्हायब्रेशन पंप, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आणि २५ ॲम्पिअरचा एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक रिले). तापमान २५० अंशांना सेट. मिश्रण (टक्क्यांत): डिस्टिल्ड वॉटर ७०, प्रोपिलीन ग्लायकॉल २०, ग्लिसरीन १०. धूर जमिनीलगत राहावा म्हणून नोझल थेट ३ इंची लवचीक ॲल्युमिनियम डक्टला जोडलंय आणि डक्ट बर्फाच्या थर्माकोल पेटीतून नेलाय.

अडचणी अशा. पहिली १५-२० सेकंद झकास, मग गरम पाणी थुंकतं. तापमान २८० केलं तर जळका वास येतो आणि डोळे चुरचुरतात. डक्टमधून स्टेजवर पाणी टपकतं. कंट्रोलच्या डब्यात झाकणाला आतून थेंब. आणि पावसाळी हवेत पहिल्यांदा चालू केलं की आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा ब्रेकर) पडतो.

वाफेचा_हिशोब
तापमान आधी खाली आणा, २३० ते २४०. तुमचा घोळ पंपात आहे.

१ मिलि मिश्रण ३० अंशांवरून पूर्ण वाफ करायला ढोबळमानाने २.४ किलोज्यूल लागतात. १००० वॅटमध्ये सेकंदाला ०.४ मिलि, म्हणजे मिनिटाला २५. ब्लॉकमधून बाहेर जाणारी उष्णता धरली तर २०च. तुमचा पंप मोकळ्या तोंडाने मिनिटाला काहीशे मिलि टाकतो. तरीही सुरुवात चांगली होते, कारण ब्लॉकमध्ये साठा असतो: २ किलो ॲल्युमिनियम ५० अंश उतरलं की ९० किलोज्यूल देतं, म्हणजे सुमारे ३७ मिलि. तो संपला की थुंकणं सुरू. त्यामुळे एका दमात ४० मिलिच्या वर जाऊ नका आणि मग दीड-दोन मिनिटं ब्लॉकला सावरू द्या. २०० च्या खाली पंप बंदच राहील असं कंट्रोलरमध्ये बसवा.

पंपाला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, प्रवाहाबरोबर दाबही पडतो. टायमरने अर्धा सेकंद चालू, दोन सेकंद बंद असा ठोका द्या आणि नोझल जोडलेलं असतानाच मोजपात्राने टाकीतली घट मोजा. मोकळ्या नळीवर घेतलेलं माप इथे उपयोगाचं नाही.

जळका वास ग्लिसरीनचा. २९० च्या आसपास ते फुटतं आणि ॲक्रोलीन तयार होतं. डोळ्यांना झोंबतं ते हेच. थर्मोकपल २८० दाखवतं तेव्हा हीटरला चिकटलेली नळी त्याहून गरम असते. ग्लिसरीन ५ टक्क्यांवर आणा, धूर थोडा लवकर विरेल इतकंच. प्रोपिलीन ग्लायकॉल आयपी (औषधी) ग्रेडचं, सीलबंद घ्या. गाडीच्या कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते बिलकुल नको. पाणी डिस्टिल्ड घेताय हे बरं करताय. नर्मदेच्या नळाच्या पाण्याने वेटोळ्यात क्षार धरतात.

सियागंजचा_तारवाला
डक्टबद्दल. नोझल डक्टला घट्ट जोडणं हीच चूक. नोझलमधून बाहेर पडते ती वाफ असते, धुकं नव्हे. हवेत मिसळून थंड झाली तरच तिचे बारीक कण बनतात. लगेच थंड पत्रा लागला तर ती पत्र्यावरच पाणी होऊन बसते. नोझल आणि पाइपच्या तोंडामध्ये २० ते ३० सेंमी मोकळी जागा सोडा, मागे छोटा पंखा. लवचीक डक्टच्या चुण्यांत पाणी साठतं, त्यापेक्षा ११० मिमीचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप घ्या. सियागंजात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. मोकळी जागा असली की पीव्हीसी मऊ पडत नाही. पाइपला पेटीकडे उतार द्या, मीटरला ५ सेंमी, आणि सगळ्यात खालच्या जागी १० मिमीचं भोक पाडून नळी बाटलीत सोडा. बर्फ जाळीवर ठेवा, वितळलेलं पाणी खाली गेलं पाहिजे.

पाइपला बाहेरून घाम येतो तो वेगळा. २६ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव बनतं तो) २४ च्या आसपास असतो, म्हणजे १० अंशांचा पाइप ओला होणारच. एसीच्या पाइपला लावतात तो १३ मिमी नायट्राइल फोम गुंडाळा.

स्टेजवर पडलेलं ग्लायकॉल आपोआप वाळत नाही. गरम पाण्याने पुसा, नाहीतर नटमंडळी घसरतील.

मेगर_५००
डब्यातलं दव: एसएसआरवर ४.३ ॲम्पिअर गुणिले १.२ व्होल्ट, म्हणजे ५ वॅट उष्णता, शिवाय ब्लॉकची धग. डबा तापतो, बंद केल्यावर निवतो आणि निवताना आजूबाजूची ओली हवा आत ओढतो. डबा ब्लॉकपासून हातभर लांब ठेवा, हीटसिंक बाहेरच्या बाजूला घ्या, केबल ग्लँड (वायर आत घ्यायचं तोंड) तळाशी, तळाला ४ मिमीची दोन भोकं. खेळ संपल्यावर हीटर बंद करा पण कंट्रोलर तासभर चालू ठेवा, तेवढ्या उबेने आत दव धरत नाही. भोकं असलेल्या डब्यात सिलिका जेल टाकणं म्हणजे पैसे वाया.

आरसीसीबी पडतो कारण हीटरमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट होते आणि करंट अर्थला गळतो. वायरी सोडवून ५०० व्होल्ट मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) बघा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर हीटर काढून ११०-१२० अंशांवर ४-६ तास ओव्हनमध्ये वाळवा आणि पुन्हा मोजा. आरसीसीबी बायपास करू नका भिया, अर्थिंगही तोडू नका.

रामबाग_नेपथ्य
बारीक ठोक्याने थुंकणं थांबलं, धन्यवाद. एसएसआर चिकटला तर काय? आणि ब्लॉकजवळच्या जोडांना टेफ्लॉन टेप चालेल?

मेगर_५००
टेफ्लॉन नको, २६० च्या पुढे ते बिघडतं आणि त्याचा धूर घातक. स्टील नळीला कॉम्प्रेशन फिटिंग लावा. हीटरच्या वायरींना फायबरग्लास स्लीव्ह आणि क्रिम्प. नेहमीचं कथील-शिसं सोल्डर १८३ ला वितळतं.

एसएसआर बहुतेकदा चालू अवस्थेतच मरतो. म्हणून हीटरच्या फेजमध्ये सिरॅमिक बॉडीचा, हाताने रिसेट होणारा २८० अंशांचा बायमेटल कटआउट (तेवढं तापलं की वीज तोडणारा स्विच) वेगळा टाका, कंट्रोलरशी संबंध नसलेला. महाराणी रोडला मिळतो. तो ब्लॉकवर स्क्रूने दाबून बसवा, नुसता चिकटवलात तर वीज उशिरा तोडतो.

वाफेचा_हिशोब
रवींद्र नाट्यगृहासारख्या बंद सभागृहात लावणार असाल तर तिथल्या स्मोक डिटेक्टरबद्दल व्यवस्थापनाशी आधी बोला. रंगीत तालमीलाच मशीन लावून बघा, पंखे आणि एसी चालू ठेवून. जमिनीलगतचं धुकं एसीच्या झोतात लगेच वर उठतं.