‘पूर्ण संख्या’ की ‘परिपूर्ण संख्या’?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी आम्ही ३,३५,५०,३३६ या संख्येचा तक्ता करीत आहोत. तिच्याखाली ‘पूर्ण संख्या’ लिहावे असे एका सहकाऱ्यांचे मत आहे, तर दुसऱ्या बाई ‘परिपूर्ण’ या शब्दावर ठाम आहेत. हा भेद शास्त्रीय आहे की केवळ आवडीचा?

उत्तर (सातारा): भेद शास्त्रीय आहे आणि बाईंचे म्हणणे योग्य आहे. पाठ्यपुस्तकांत ०, १, २, ३ या क्रमाने येणाऱ्या सर्वच संख्यांना ‘पूर्ण संख्या’ म्हणतात. त्यामुळे तक्त्यावर तो शब्द लिहिल्यास विधान खरे ठरेल, पण त्यातून काहीच सांगितले जाणार नाही. स्वतःला वगळून उरलेल्या सर्व विभाजकांची बेरीज जिच्याएवढीच येते, ती परिपूर्ण संख्या. ६ चे असे विभाजक १, २ आणि ३ असून त्यांची बेरीज ६ होते. त्यानंतर २८, ४९६ व ८१२८ येतात, आणि पाचवी थेट तीन कोटींच्या घरातली, आपल्या तक्त्यावरची.

ती ४०९६ × ८१९१ अशी मांडली की सारे उलगडते. ४०९६ हा २ चा बारावा घात आहे आणि ८१९१ ही मूळ संख्या आहे, म्हणून १ पासून ४०९६ पर्यंतचे २ चे तेरा घात हे विभाजक झाले, ज्यांची बेरीज ८१९१ भरते; उरलेले बारा विभाजक म्हणजे ८१९१ ला १ पासून २०४८ पर्यंतच्या घातांनी गुणून येणाऱ्या संख्या, ज्यांची बेरीज ८१९१ × ४०९५ होते. दोन्ही मिळून ८१९१ × ४०९६, म्हणजे मूळचीच संख्या. ही रीत युक्लिडची आहे. सर्व सम परिपूर्ण संख्या याच साच्याच्या असतात, हे पुढे ऑयलरने सिद्ध केले. विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणालाही सापडलेली नाही. (जाता जाता: हिच्या अंकांची बेरीज २८ येते. त्यात गणित फारसे नाही, पण मुलांना गंमत वाटेल.)

पुरवणी (मिरज): व्याख्येतील ‘स्वतःला वगळून’ हे शब्द तक्त्यावर गाळू नयेत. ते गाळले तर बेरीज दुप्पट येईल आणि चौकस विद्यार्थी तेथेच अडवील.

प्रश्नकर्ते: आभारी आहे. ८१९१ मूळ आहे हे मुलांना फळ्यावर कसे दाखवावे?

उत्तर (सातारा): ही संख्या २ चा तेरावा घात वजा १ आहे. फर्मा यांच्या नियमानुसार अशा संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाला २६ ने भागल्यास बाकी १ उरते. ८१९१ चे वर्गमूळ ९१ पेक्षा कमी असल्याने २७, ५३ व ७९ एवढेच तपासायचे. त्यांपैकी २७ मूळ नाही, ५३ ने भागल्यास बाकी २९ उरते आणि ७९ ने भागल्यास ५४.